खिशातली हजेरी

कविसंमेलनांच्या निमित्तानं गेली तीस वर्षं मी महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांत मुक्काम करत आलो आहे. मुक्काम बहुतेक वेळा एस.टी. स्टँडजवळच्या लॉजवर. तिथं खोलीची किल्ली हातात पडण्याआधी एक जाडजूड रजिस्टर पुढ्यात येतं. नाव, वय, कुठून आलात, कुठे जाणार, येण्याचं कारण. 'कारण' या रकान्यात मी नेहमी 'कविता' असं लिहितो. एका गावी मॅनेजरनं ते वाचलं, माझ्याकडे वर-खाली पाहिलं आणि म्हणाला, ''साहेब, 'खासगी काम' लिहू का? पोलीस कधीमधी रजिस्टर बघतात.'' मी म्हटलं, ''लिहा.''

त्या रजिस्टरची मला कधी भीती वाटली नाही. ते उघड्यावर असतं. आपण काय लिहितो हे आपल्याला ठाऊक असतं आणि कोण वाचणार हेही साधारण ठाऊक असतं. शिवाय सकाळी लॉज सोडला की त्या गावचं रजिस्टर त्या गावातच राहतं.

गेल्या हिवाळ्यात मला दुसऱ्या एका रजिस्टरची ओळख झाली. माझ्या घशात एक गाठ आली होती. घरात कुणाला काही सांगितलं नव्हतं. आधी तपासण्या होऊ द्याव्यात, मग काय ते सांगू, असा विचार केला. दर मंगळवारी 'वाचनालयात जाऊन येतो' म्हणून मी बाहेर पडायचो आणि दवाखान्यात जायचो. सहा आठवडे हे चाललं. रिपोर्ट चांगले आले, विषय संपला. पुढे महिन्याभरानं मुलगी माझ्या नव्या फोनवर जुन्या फोनमधले फोटो घेत होती. फोनमधला नकाशा तिनं सहज उघडला. त्यात तारीखवार सगळं होतं. कोणत्या दिवशी मी कुठं गेलो, किती वाजता पोचलो, किती वेळ थांबलो. मंगळवारवर बोट ठेवून ती म्हणाली, ''अब्बा, तुम्ही तर वाचनालयात जात होता ना?''

मला काही उत्तर सुचलं नाही. गुन्हा केला नव्हता, तरी पकडला गेल्यासारखं वाटलं. माझी बातमी माझ्या वेळेला, माझ्या शब्दांत मला सांगायची होती. ती माझ्याआधी फोननं सांगून टाकली. फोन घेतला तेव्हा कधीतरी कुठल्या तरी प्रश्नाला मी 'होय' म्हणून बोट लावलं असणार. कशाला होय म्हणतोय, हे मात्र वाचलं नव्हतं.

तेव्हापासून मी या विषयाचं वाचन सुरू केलं. आपल्या जाण्या-येण्याची नोंद कुणी ठेवावी, किती दिवस ठेवावी आणि ती कुणी पाहावी, हा प्रश्न मोबाइलपेक्षा बराच जुना आहे. आणि त्याचा इतिहास थोडाफार आपल्या अंगणातही घडलेला आहे.

आधी मोबाइलची गोष्ट. २० एप्रिल २०११ या दिवशी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथं एक तांत्रिक परिषद भरली होती. तिथं दोघांनी एक शोध लोकांसमोर ठेवला. एक होते ॲलस्डेअर ॲलन, इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातले खगोलशास्त्राचे संशोधक. दुसरे पीट वॉर्डन, पूर्वी ॲपल कंपनीत काम केलेले प्रोग्रॅमर. आयफोनमध्ये एक फाइल त्यांना सापडली होती. तिच्यात हजारो ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत अक्षांश, रेखांश आणि वेळ. जून २०१०मध्ये आयफोनची नवी प्रणाली आली, तेव्हापासून या नोंदी साठत होत्या. कुणाच्या फोनमध्ये दहा महिन्यांचा प्रवास सापडेल, अशी स्थिती. फोन संगणकाला जोडला की त्या फाइलची प्रत संगणकातही जाऊन बसे आणि ती सहसा कुलूपबंद नसे. म्हणजे घरातला किंवा ऑफिसातला कुणीही ती उघडू शकत होता. या दोघांनी ती नकाशावर दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम फुकट वाटला. लोकांनी आपापले संगणक उघडले आणि आपल्याच आयुष्याचे ठिपके पाहून ते हबकले.

गुन्हे तपासासाठी फोनची तांत्रिक छाननी करणाऱ्या काही मंडळींना ही फाइल आधीपासून माहीत होती. माहीत नव्हतं ते फोनच्या मालकाला. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच आहे.

ॲपलनं आठवडाभरानं, २७ एप्रिलला खुलासा केला. कंपनीचं म्हणणं असं की, आम्ही कुणाचा माग काढत नाही. त्या फाइलमध्ये फोनची नेमकी जागा नसून आसपासच्या मोबाइल टॉवरांच्या आणि वाय-फायच्या जागा आहेत. फोनला आपण कुठे आहोत हे पटकन कळावं म्हणून ती यादी ठेवलेली असते. मात्र वर्षभराच्या नोंदी साठणं ही प्रणालीतली चूक आहे, सात दिवसांपेक्षा जास्त नोंदींची गरज नाही. आणि 'लोकेशन' बंद केल्यावरही यादी अद्ययावत होत राहणं, हीसुद्धा चूकच. ४ मे रोजी दुरुस्ती आली. १० मे रोजी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे ॲपल आणि गुगल या दोन्ही कंपन्यांच्या प्रतिनिधींना बोलावून सिनेटर अल फ्रँकेन यांनी प्रश्न विचारले. त्या महिन्याभरात 'लोकेशन' हा शब्द तंत्रज्ञांच्या खोलीतून वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला.

फोनला आपली जागा कळते कशी, हे इथं थोडक्यात समजून घेऊ. पुष्कळांना वाटतं की आकाशातला उपग्रह आपल्याकडे पाहत असतो. तसं नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फक्त वेळेचे संकेत सोडत असतात, रेडिओ केंद्रासारखे. कोण ऐकतंय याचा त्यांना पत्ता नसतो. आता माझं हे भाषण तुमच्यापैकी कोण ऐकतंय, हे मला ठाऊक नाही, तसंच. फोन ते संकेत ऐकतो आणि स्वतःची जागा स्वतःच मोजतो. मोजलेली जागा तो कुणाला सांगतो, हा पुढचा प्रश्न. टॉवरचं मात्र वेगळं आहे. तुम्हाला फोन लागायचा तर तुम्ही कोणत्या टॉवरच्या हद्दीत आहात हे मोबाइल कंपनीला कळावंच लागतं. साधा बटणांचा फोन असला तरी हे चुकत नाही. त्या नोंदी कंपनीकडे राहतात. आपल्याकडे डिसेंबर २०२१मध्ये परवान्याच्या अटी बदलल्या आणि कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षं जपून ठेवणं कंपन्यांना बंधनकारक झालं.

या नोंदींतून काय दिसतं, हे जर्मनीतल्या माल्टे श्पिट्झ या ग्रीन पक्षाच्या राजकारण्यानं जगाला दाखवलं. 'माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे ते मला द्या,' म्हणून त्यांनी डॉइशे टेलिकॉम कंपनीविरुद्ध दावा लावला. ऑगस्ट २००९ ते फेब्रुवारी २०१० या सहा महिन्यांच्या नोंदी त्यांना मिळाल्या. एकूण ३५,८३० ओळी. २०११मध्ये त्या त्यांनी 'डी त्साइट' या साप्ताहिकाच्या संकेतस्थळाला छापायला दिल्या. नकाशावर एक ठिपका चालू लागला. श्पिट्झ कधी झोपले, कोणत्या गाडीत बसले, कोणत्या गावी सभेला गेले, सगळं लोकांनी पाहिलं. एका शब्दाचंही संभाषण त्यात नव्हतं. तरी माणूस उघडा पडला.

तुम्ही म्हणाल, त्या यादीतून नाव काढून टाकलं तर? २०१३मध्ये काही संशोधकांनी पंधरा लाख माणसांच्या पंधरा महिन्यांच्या निनावी मोबाइल नोंदी तपासल्या. त्यांना आढळलं की एखादा माणूस कोणत्या वेळी कुठे होता अशा फक्त चार जागा कळल्या, तरी शंभरातले पंच्याण्णव लोक गर्दीतून वेगळे ओळखता येतात. विचार केला तर यात नवल नाही. रात्री अमुक घरात, सकाळी अमुक शाळेत, दुपारी अमुक दुकानात आणि मंगळवारी अमुक दवाखान्यात असणारा माणूस शहरात दुसरा कुठून असणार?

आता आपल्या अंगणात येतो. मी सोलापूरचा. आमच्या शहरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. इंग्रज सरकारनं १८७१मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे १९११च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यासह साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लावता येऊ लागला. या कायद्यानं काही जमातींत जन्मलेली माणसं जन्मानंच संशयित ठरली. नोंद झालेल्या माणसानं ठरल्या वेळी हजेरी द्यायची. गाव सोडायचं तर परवाना काढायचा. मुक्काम बदलला तर कळवायचं. अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलेली ती वसाहत म्हणजे सेटलमेंट. माझे वडील गिरणीत होते. त्यांच्या खात्यात सेटलमेंटमधले एक वयस्कर कामगार होते. आम्ही मुलं त्यांना बाबा म्हणायचो. ते सांगायचे, ''लेकरा, मार विसरतो माणूस. पण आजारी आई दुसऱ्या गावाला, आणि आपण चिठ्ठीसाठी साहेबाच्या दारात उभे, ते नाही विसरत.'' १९५२मध्ये तो कायदा रद्द झाला. बाबांना मात्र शेवटपर्यंत एक सवय होती. घरातून निघताना कुठं चाललो, कधी येणार, हे ते मोठ्यांदा सांगायचे, कुणी विचारलं नसलं तरी.

कायदा गेला, पण पाळत राहिली. उत्तर प्रदेशात खडकसिंग नावाचा एक माणूस होता. १९४१मध्ये दरोड्याच्या एका प्रकरणात त्याला पकडलं आणि पुरावा नाही म्हणून सोडलं. तरी पोलिसांनी त्याच्या नावाची 'हिस्ट्रीशीट' उघडली. मग चौकीदार आणि शिपाई रात्री-अपरात्री दार ठोठावू लागले. घरात आहे की नाही, बघायला. परगावी जायचं तर चौकीदाराला सांगून जायचं. ज्या गावी जाईल तिथल्या ठाण्याला आधीच निरोप गेलेला असे. पोलिसांच्या नियमावलीत हे सगळं रीतसर लिहिलेलं होतं. घराभोवती गुप्त पहारा, रात्रीच्या भेटी, सवयी आणि सोबत्यांची चौकशी, जाण्या-येण्याची खबर आणि ती पडताळायला ठाण्या-ठाण्यांत फिरणाऱ्या चिठ्ठ्या.

खडकसिंगनं थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. १८ डिसेंबर १९६२ रोजी सहा न्यायमूर्तींनी निकाल दिला. रात्री घरात शिरणं घटनाबाह्य ठरलं. पण बाकीची पाळत बहुमतानं वैध ठरवली. त्यांचं म्हणणं असं की, खासगीपणाचा हक्क घटनेत दिलेला नाही, आणि कुणी नुसतं मागून पाहत असेल तर तुमच्या हिंडण्या-फिरण्याला अडथळा कुठं येतो?

दोन न्यायमूर्तींना हे पटलं नाही. न्या. सुब्बा राव यांनी वेगळं निकालपत्र लिहिलं, न्या. शहा त्यांच्यासोबत होते. सुब्बा राव यांचा मुद्दा थोडक्यात असा होता: पायात बेडी नसली म्हणजे माणूस मोकळा फिरतो असं नाही. पाऊलन् पाऊल टिपलं जात असेल तर त्या माणसाला सारा देशच तुरुंग होतो. त्या वेळी हे मत अल्पमतात गेलं. हे सुब्बा राव पुढे, १९६६मध्ये, देशाचे सरन्यायाधीश झाले.

खडकसिंगच्या निकालातला तो भाग पुसला जायला पंचावन्न वर्षं लागली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधार कार्डाच्या निमित्तानं याचिका केली होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सुब्बा राव यांचं अल्पमत अखेर देशाचा कायदा झालं.

दुसऱ्या वर्षी, जून २०१८मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न आला. दुकानांवरच्या दरोड्यांच्या तपासात पोलिसांनी कार्पेंटर नावाच्या आरोपीच्या मोबाइलच्या १२७ दिवसांच्या नोंदी मिळवल्या होत्या. एकूण १२,८९८ ठिपके, म्हणजे दिवसाला सरासरी शंभर. न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की अशा नोंदींसाठी पोलिसांना सर्वसाधारणपणे न्यायालयाचं वॉरंट हवंच. माणूस निर्दोष होता की नाही, हा त्यात प्रश्न नव्हता. प्रश्न, गठ्ठा उघडण्याआधी कुणाला तरी विचारायचं की नाही, एवढाच होता.

आपल्याकडे ८ जुलै २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठानं एक निकाल दिला. एका परदेशी आरोपीला जामीन देताना अट घातली होती की, त्यानं गुगलच्या नकाशावर आपली जागा तपास अधिकाऱ्याला दाखवावी. सर्वोच्च न्यायालयानं ती अट काढून टाकली. जामिनावर सुटलेल्या माणसाच्या खासगी आयुष्यात पोलिसांनी सतत डोकावत राहावं, अशी अट घालता येणार नाही, असं सांगितलं. हा निकाल वाचताना मला खडकसिंग आठवला, आणि आमचे गिरणीतले बाबाही.

पण मंडळी, इथं गोष्ट संपत नाही. न्यायालयं सरकारला आवरू शकतात. आज सगळ्यात मोठ्या नोंदी आहेत त्या कंपन्यांकडे, आणि त्या आपणच दिलेल्या असतात. ऑगस्ट २०१८मध्ये 'असोसिएटेड प्रेस' या वृत्तसंस्थेनं दाखवलं की, गुगलची 'लोकेशन हिस्टरी' बंद केली तरी दुसऱ्या एका सेटिंगमधून जागेच्या नोंदी होतच राहतात. त्यावरून अमेरिकेतल्या ४० राज्यांनी चौकशी केली आणि नोव्हेंबर २०२२मध्ये गुगलनं ३९ कोटी १५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. डिसेंबर २०२३मध्ये गुगलनं जाहीर केलं की, हा प्रवासाचा इतिहास यापुढे कंपनीच्या संगणकांऐवजी वापरणाऱ्याच्या फोनमध्येच राहील. बारा वर्षांपूर्वी लोकांनी विचारलेल्या प्रश्नाला हे उशिरानं का होईना, पण उत्तर होतं.

आणखी एक उदाहरण मला जवळचं वाटतं. नमाजच्या वेळा सूर्यावर ठरतात, म्हणून त्या गावागणिक वेगळ्या असतात. किब्ल्याची दिशाही प्रत्येक ठिकाणची वेगळी. त्यामुळे नमाजच्या वेळा सांगणाऱ्या ॲपला तुमची जागा विचारावीच लागते. त्यात गैर काही नाही. पण नोव्हेंबर २०२०मध्ये अमेरिकेत बातमी आली की, 'मुस्लिम प्रो' या लोकप्रिय ॲपमधून जागेची माहिती 'एक्स-मोड' नावाच्या दलाल कंपनीकडे जात होती आणि तिच्या गिऱ्हाइकांत संरक्षण खात्याचे कंत्राटदार होते. ॲपवाल्यांनी नंतर त्या कंपनीशी संबंध तोडले. जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं त्या दलाल कंपनीला प्रार्थनास्थळं, दवाखाने अशा नाजूक ठिकाणांची माहिती विकायला मनाई केली. मशिदीच्या जागी मंदिर, चर्च किंवा पक्षाचं कार्यालय ठेवून पाहा. माणूस पश्चिमेकडे तोंड करायला निघाला आणि त्याची पावलं तिसऱ्यानं विकली, एवढीच ही गोष्ट आहे.

आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू व्हायचे आहेत. संमती साध्या भाषेत मागावी, ती मागे घेता यावी, गरज संपली की माहिती पुसावी, ही त्याची चांगली बाजू. सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची तरतूदही त्यात आहे, हे लक्षात ठेवावं.

मी फोनच्या विरोधात नाही. अनोळखी शहरात रात्री उतरल्यावर मलाही नकाशाच घरापर्यंत पोचवतो. मुलगी उशिरा येणार असली की तिचा ठिपका पाहून माझ्या बायकोचा जीव भांड्यात पडतो. पण तो ठिपका मुलीनं स्वतः दाखवलेला असतो आणि ती वाटेल तेव्हा बंद करू शकते. लॉजच्या रजिस्टरमध्येही पेन माझ्या हातात असतं. सेटलमेंटमधल्या बाबांच्या हातात ते नव्हतं, खडकसिंगच्या हातातही नव्हतं. 'माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही' असं आपण सहज म्हणतो. माझ्याकडेही नव्हतं. एक गाठ होती, आणि ती कधी सांगायची हे मला ठरवायचं होतं.

तर आज घरी बसल्या बसल्या एक करा. फोनच्या सेटिंगमध्ये जा. कोणत्या ॲपला तुमची जागा सदासर्वकाळ कळते, ते पाहा. जिथं गरज नाही तिथं 'फक्त वापरताना' किंवा 'नाही' करा. प्रवासाचा इतिहास साठत असेल तर ठराविक दिवसांनी आपोआप पुसला जाण्याची सोय तिथंच असते. टॉवरच्या नोंदी यानं थांबणार नाहीत, पण निम्मं रजिस्टर तरी तुमच्या हाती येईल.

मुलीनं त्या दिवशी विचारलं, ''पुसून टाकू का अब्बा?'' मी म्हटलं, थांब जरा. तिच्या आईला हाक मारली. दोघींना समोर बसवलं आणि त्या सहा मंगळवारांचं सगळं सांगितलं, पहिल्या दिवशीच्या भीतीपासून शेवटच्या रिपोर्टपर्यंत. बायको रागावली, थोडा वेळ बोलली नाही, मग चहा ठेवायला उठली. त्यानंतर मी मुलीला म्हटलं, ''आता पूस.''